केंद्रात टाकायचं की ओपीडीत न्यायचं? व्यसनावरचं संशोधन मामीच्या प्रश्नांतून वाचताना

मागच्या महिन्यात रावेरहून मामीचा फोन आला. ‘तू त्या व्यसनावरच शिकू राहिली ना? मग सांग बरं, आता यांना कुठं टाकायचं?’

मामांना याआधी दोनदा ‘टाकून’ झालंय. पहिल्यांदा महिनाभर, दुसऱ्यांदा तीन महिने. दुसऱ्या वेळी रात्री जीप आली आणि चौघांनी धरून नेलं. तिथं मारही बसला, हे मामांनी कितीतरी दिवसांनी सांगितलं. ते केंद्र कोणतं हे इथं लिहीत नाही. दोन्ही वेळा ते दारू सोडून घरी आले. दोन्ही वेळा केळीचा माल गेला, व्यापाऱ्याकडून पैसे हातात पडले आणि पंधरा दिवसांत पुन्हा सुरू झालं. त्या जीपच्या रात्रीबद्दल मामांनी मामीला अजून माफ केलेलं नाही.

आपल्याकडं हा शब्द सगळेच वापरतात. ‘त्याला केंद्रात टाकला.’ उपचार म्हटलं की डोळ्यांसमोर एक इमारत येते, तिचं दार बंद होतं आणि माणूस आत राहतो. या चित्राची चांगली बाजूही आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्याला मदत केली, आणि व्यसनी माणूस म्हणजे आजारी माणूस ही गोष्ट महाराष्ट्राला तिथून पटायला लागली. पण मुक्तांगणची चांगली कीर्ती आणि गल्लोगल्लीच्या ‘केंद्रां’चा धंदा आपल्या डोक्यात एकत्र झाला. परिणाम असा, की घरी राहून, कामधंदा करत, दवाखान्यात येऊन-जाऊन उपचार घेता येतात याला आपल्या बोलण्यात शब्दच नाही. संशोधनात त्याला बाह्यरुग्ण उपचार म्हणतात. आपण ओपीडी म्हणू.

तर मी फोनवर मोठ्या उत्साहानं म्हणाले, ‘मामी, टाकायची गरजच नाही. गोव्यात एक अभ्यास झालाय. साध्या सल्लागारानं चार भेटी दिल्या, अर्ध्या लोकांचं पिणं आटोक्यात आलं.’

मामी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं चार प्रश्न विचारले. ते लोक किती पीत होते? त्यांना तिथं नेत कोण होतं? जो येतच नाही त्याचं काय? आणि पोराचं काय?

मला एकाचंही नीट उत्तर देता आलं नाही. फोन ठेवल्यावर मी तेच पेपर पुन्हा काढले आणि यावेळी हे चार प्रश्न शेजारी लिहून वाचले. तुम्हालाही तसंच वाचून दाखवते. तुमच्या घरात किंवा शेजारी असा एखादा माणूस असेल, तर हे प्रश्न तुमचेही आहेत.

आधी गोव्याचा अभ्यास काय आहे

संगाथ ही गोव्यातली मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था. डॉ. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात एक चाचणी केली आणि ती २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. त्रासदायक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. दोन्ही गटांत डॉक्टरांना कळवलं गेलं, की या रुग्णाला दारूचा प्रश्न आहे आणि त्यावर असं-असं करता येतं. एका गटाला त्याशिवाय एक ते चार भेटी मिळाल्या. या भेटी देणारे सल्लागार मानसोपचार शिकलेले नव्हते. ते स्थानिक लोक होते, त्यांना या कामापुरतं प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यांच्या कामावर दर आठवड्याला देखरेख होती. भेट अर्ध्या-पाऊण तासाची, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी.

भेटीत उपदेश करायचा नाही हा नियम. रुग्णाकडूनच काढून घ्यायचं, की दारूमुळं त्याचं काय चाललंय, त्याला काय हवंय, कोणत्या वेळी आणि कुणासोबत हात ग्लासकडं जातो, आणि त्या वेळी दुसरं काय करता येईल.

तीन महिन्यांनी पाहिलं तर भेटी मिळालेल्या गटात ३६ टक्के पुरुषांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं, दुसऱ्या गटात २६ टक्क्यांचं. आधीच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले पहिल्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्यात १८. एका वर्षानं पुन्हा मोजलं तेव्हा रेषेखाली आलेले ५४ टक्के विरुद्ध ३२ टक्के. म्हणजे अंतर कमी झालं नाही, वाढलं. व्यसनाच्या उपचारात हे फार क्वचित दिसतं, कारण सहसा काळ जातो तसा फरक विरत जातो.

आता हे आकडे घरगुती भाषेत. वर्षाच्या शेवटी शंभरातले ३२ चार भेटींशिवायही सावरले असते. भेटींमुळं त्यात आणखी २२ जणांची भर पडली. म्हणजे साधारण पाच जणांना भेटी दिल्या तर एक जास्तीचा माणूस सावरतो. मी मामीला ‘अर्ध्या लोकांचं’ म्हणाले, ते ५४ टक्क्यांवरून. पण त्या अर्ध्यात आपोआप सावरणारेही होतेच. ही माझी पहिली चूक. वर्तमानपत्रात ‘अमुक टक्के यश’ अशी केंद्रांची जाहिरात दिसली की तुम्हीही हे विचारा: उपचार न घेतलेल्यांत किती होतं?

ते लोक किती पीत होते?

इथं माझी दुसरी चूक आहे, आणि ती मोठी आहे.

पिण्याची तीव्रता मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची यादी आहे. किती वेळा पिता, एका वेळी किती, एकदा सुरू केल्यावर थांबता येतं का, सकाळी उठल्यावर लागते का, कुणाला इजा झाली का, असे प्रश्न. गुण ० ते ४०. आठच्या खाली म्हणजे फारशी काळजी नाही. वीस आणि त्यावर म्हणजे शरीराला दारूची सवय जडलेली असण्याची दाट शक्यता. गोव्याच्या या चाचणीत घेतलेले पुरुष १२ ते १९ या गुणांतले होते.

मामीला मी पुन्हा फोन केला आणि गप्पांच्या ओघात ते दहा प्रश्न विचारून घेतले. मामांचे गुण पंचविशीच्या पुढं गेले. सकाळी चहाची कपबशी धरताना हात थरथरतो, अर्धा ग्लास पोटात गेला की थांबतो. मामा गोव्याच्या त्या चाचणीत बसलेच नसते. दारातच ‘तुमच्यासाठी वेगळा उपचार’ म्हणून त्यांना बाजूला केलं असतं.

पेपरमध्ये हे लपवलेलं नाही, पहिल्या पानावरच आहे. लपवलं ते माझ्यासारख्यांनी, जे सारांश सांगताना ‘हानिकारक मद्यपान’ याचं भाषांतर ‘दारूचं व्यसन’ असं करून मोकळे होतात. आपल्याकडं दोघांनाही ‘बेवडा’च म्हणतात. पण रोज संध्याकाळी मित्रांसोबत बसणारा आणि सकाळी थरथर थांबवायला पिणारा यांचा उपचार एक नाही.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही, जिवाचा आहे. ज्याचं शरीर दारूला सरावलंय त्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो: माणसं दिसतात, ताप चढतो, घाम फुटतो, रात्र-दिवस कळत नाही. उपचार मिळाला नाही तर यात माणूस जातो. पुष्कळ घरांत ‘खोलीत कोंडून ठेवा, तीन दिवसांत उतरेल’ असं करतात. कृपा करून असं करू नका.

मग अशा माणसाला ओपीडी नाहीच का? आहे. थरथर सौम्य किंवा मध्यम असेल, आधी कधी फिट आलेली नसेल, दुसरा मोठा आजार नसेल, घरी न पिणारं एखादं जबाबदार माणूस असेल आणि पहिले काही दिवस डॉक्टरला वारंवार दाखवता येत असेल, तर डायझेपामसारखी औषधं उतरत्या मात्रेत देऊन, सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देऊन, घरी राहूनही दारू सोडवता येते. ते ठरवायचं डॉक्टरनं, नातेवाइकानं नाही आणि मेडिकलवाल्यानं तर नाहीच. आधी फिट किंवा भ्रम झाला असेल तर काही दिवस दवाखान्यात भरती व्हावंच लागतं. पण भरती म्हणजे रुग्णालयातली काही दिवसांची भरती. तीन महिने डांबून ठेवणं नाही.

गोव्याच्या अभ्यासावर माझा आणखी एक आक्षेप आहे. तीन महिन्यांच्या मोजणीत जे पीतच होते त्यांचं रोजचं सरासरी प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं, ३७ आणि ३१ ग्रॅम मद्यार्क. (व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर, त्यात साधारण ६० ग्रॅम असतो. म्हणजे ही रोजची सरासरी अर्ध्या क्वार्टरच्या आसपासची.) म्हणजे भेटींमुळं काहींची पूर्ण सुटली, पण ज्यांची सुटली नाही त्यांची कमी झाली नाही. आणि त्याच मोजणीत बायकोवरच्या हिंसेत, कामावर न जाता आलेल्या दिवसांत फरक दिसला नाही. संशोधकांनी हे प्रामाणिकपणे लिहिलंय. पण बातम्यांत ते कुठं येत नाही. ‘दारू सुटली’ आणि ‘घर सावरलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मामीला दुसरं हवंय.

त्यांना तिथं नेत कोण होतं?

या प्रश्नानं मला मुंबईच्या एका अभ्यासाकडं नेलं. डॉ. अविनाश डिसूझा आणि डॉ. अ‍ॅलन डिसूझा यांनी २००४ साली छापलेला. शंभर पुरुष, दारूवर पक्के अवलंबून असलेले, म्हणजे मामांसारखेच. अर्ध्यांना डायसल्फिराम, अर्ध्यांना नाल्ट्रेक्सोन, वर्षभर. वर्षाच्या शेवटी डायसल्फिरामच्या गटात ८६ टक्के जण दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोनच्या गटात ४४ टक्के.

८६ टक्के! वाचून मीही पहिल्यांदा चमकले होते. आता प्रवेशाची अट वाचा: गोळी घेतली जाते की नाही हे पाहणारा आणि तपासणीला सोबत येणारा घरचा माणूस असलाच पाहिजे. म्हणजे ज्याला घरानं सोडलेलं नाही असाच पुरुष अभ्यासात आला. शिवाय कुणाला कोणती गोळी चालू आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

हे दुसरं साधं नाही. दोन्ही औषधं वेगळ्या तऱ्हेनं काम करतात. नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा आणि ओढ कमी करतं. डायसल्फिराम ओढ कमी करत नाही. ते यकृतातलं एक विकर अडवतं, त्यामुळं दारू प्यायली की अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साचतं: चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. त्याचं काम भीतीवर चालतं, आणि ती भीती वाटायला ‘मी ही गोळी घेतलीय’ हे माणसाला माहीत असावं लागतं. रोज सकाळी ती गोळी देणारा हातही लागतो.

म्हणून एक गोष्ट ठळक सांगते. ‘न सांगता दारू सोडवा’ अशी पावडर भाजीत, चहात मिसळून देण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला असेल. अशा पुडीत काय आहे ते कळत नाही, आणि डायसल्फिराम असेल तर ते नकळत देणं जिवावर बेतू शकतं. माणूस बेसावध राहून नेहमीइतकी पितो. हृदयाचा त्रास असेल तर संपलंच. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. मामीकडंही अशी एक पुडी होती. फेकून द्यायला लावली.

आता लंडनला जाऊ. ग्रिफिथ एडवर्ड्स यांचा १९७७ चा गाजलेला अभ्यास: दारूच्या आहारी गेलेले शंभर विवाहित पुरुष. निम्म्यांना त्या काळी उपलब्ध असलेले सगळे उपचार, निम्म्यांना नवरा-बायकोला समोर बसवून एकदाच दिलेला नीट सल्ला. वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढं अमेरिकेत १९९७ साली ‘प्रोजेक्ट मॅच’ या १,७२६ रुग्णांच्या प्रचंड अभ्यासात चार भेटींचा उपचार आणि बारा भेटींचे दोन उपचार जवळपास बरोबरीत आले. ‘थोडक्यात भागतं’ असं म्हणणारे लोक या दोन अभ्यासांचा दाखला देतात.

पण मामीचा प्रश्न हातात धरून वाचा. लंडनचे पुरुष विवाहित होते आणि सल्ल्याला बायको शेजारी बसली होती. मुंबईत घरचा माणूस ही अटच होती. माझा या सगळ्या संशोधनावरचा मुख्य आक्षेप हाच आहे. ओपीडीतला उपचार स्वस्त दिसतो, कारण त्याचा मोठा भाग घरात होतो आणि तो बहुतेक वेळा एक बाई करते. गोळी हातावर ठेवणं, तारीख लक्षात ठेवणं, एसटीचं भाडं काढणं, शिव्या खाणं. पेपरमध्ये ती ‘सहभागासाठीची अट’ या मथळ्याखाली एका ओळीत येते आणि निष्कर्षात गायब होते. यशाची टक्केवारी औषधाच्या नावावर जमा होते.

याचा अर्थ ते अभ्यास खोटे आहेत असा नाही. अर्थ इतकाच, की त्यांचा निष्कर्ष ‘डायसल्फिराम चालतं’ एवढा नाही. तो ‘घरच्या माणसाच्या देखरेखीखाली डायसल्फिराम चालतं’ असा आहे. ज्याचं घर उठलंय, जो केळी कापणीच्या टोळीसोबत गावोगाव फिरतो, जो सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर एकटा राहतो, त्याच्याबद्दल हे अभ्यास काहीच सांगत नाहीत. आणि पिणारी बाई? २०१९ साली केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीत पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचं १.६ टक्के निघालं. प्रमाण कमी म्हणून वर सांगितलेल्या गोव्याच्या आणि मुंबईच्या दोन्ही चाचण्यांत स्त्री नाहीच. तिला रोज गोळी हातावर ठेवणारं कोण असेल, याचा विचार तुम्हीच करून बघा.

जो येतच नाही त्याचं काय?

त्याच २०१९ च्या पाहणीतला एक आकडा मी विसरू शकत नाही. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांतल्या एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळतो. भरती होऊन उपचार तर १८० जणांतल्या एकाला. एसटीची एक गाडी भरून माणसं घ्या, त्यातला एकच दवाखान्याशी उतरतो. ‘टाकायचं की न्यायचं’ हा आपला वाद या एकाबद्दल चालतो. उरलेले ३७ गाडीतच बसून पुढं जातात.

मामा त्या ३७ मधले आहेत. ‘मला काही झालेलं नाही’ हे त्यांचं वाक्य. मग मामीनं काय करावं? या प्रश्नावरचं संशोधन मराठीत फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. अमेरिकेत विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली उपचाराला नकार देणाऱ्या लोकांच्या १३० नातेवाइकांवर अभ्यास केला. एका गटाला अल्-अ‍ॅनॉन या नातेवाइकांच्या मदतगटाची वाट दाखवली. दुसऱ्याला सगळ्यांनी मिळून पिणाऱ्याला समोर बसवून जाब विचारायला शिकवलं. तिसऱ्याला ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत शिकवली. तिसऱ्या गटातल्या ६४ टक्के नातेवाइकांचा माणूस उपचाराला आला. जाब विचारणाऱ्या गटात ३० टक्के, मदतगटाच्या वाटेनं १३ टक्के.

क्राफ्टमध्ये नातेवाइकाला काय शिकवतात? प्यायलेला असताना वाद घालायचा नाही. न प्यायलेल्या संध्याकाळी त्याच्यासोबत बसायचं, आवडीचं जेवण करायचं. पिण्याचे परिणाम त्याच्यासाठी झाकायचे नाहीत: त्याच्या वतीनं खोटं बोलायचं नाही, उधारी फेडायची नाही. तो स्वतःच ‘आज फार झालं’ म्हणतो त्या क्षणी दवाखान्याचं नाव काढायचं, आणि तेव्हा वेळ तयार हवी. मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि पोरांची सुटका. आणि नवरा आला नाही तरी तिचं स्वतःचं जगणं सावरायचं.

हेही नीट तपासून घ्या. अल्-अ‍ॅनॉनचा हेतू मुळात नातेवाइकाला आधार देण्याचा आहे, पिणाऱ्याला आणण्याचा नाही, त्यामुळं त्याला १३ गुण देणं जरा अन्यायाचंच. तिन्ही गटांतल्या नातेवाइकांचं मन मात्र हलकं झालं होतं. शिवाय अमेरिकेतली बायको ‘आज मी बहिणीकडं जाते’ म्हणू शकते, रावेरच्या सुनेला सासू-सासऱ्यांसमोर तसं म्हणता येईलच असं नाही. आणि उपचाराला येणं म्हणजे बरं होणं नव्हे. तरी या अभ्यासाचा एक धडा मी पक्का धरते: तो येत नसेल तर आपण एकटं जावं. ओपीडीचा केसपेपर मामांच्या आधी मामीच्या नावानं निघू शकतो.

आणि पोराचं काय?

हा प्रश्न मामीनं सगळ्यात शेवटी आणि आवाज खाली करून विचारला. मामेभाऊ सोळा वर्षांचा आहे. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी त्याच्या खिशात सापडली. हल्ली मित्रांसोबत पंक्चरचं सोल्युशनही हुंगतो असं कुणीतरी सांगितलं. ‘त्यालाही टाकावं का?’

नाही. आणि हे मी पेपर न उघडता सांगू शकले, कारण इथं कायदाच स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ दारू आणि अमली पदार्थांमुळं होणाऱ्या विकारांनाही लागू होतो. त्याच्या कलम ८७ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला भरती करायचं तर तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून असं म्हणावं लागतं, की घरी राहून करण्याचे सगळे उपाय फसलेत किंवा उघडच निरुपयोगी आहेत. भरती केलंच तर त्याला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं आणि पालक किंवा सोबतीचं माणूस पूर्ण वेळ त्याच्याजवळ राहायचं. म्हणजे मुलांसाठी ओपीडी हा पर्याय नाही, ती पहिली पायरी आहे. मोठ्या माणसालाही रात्री जीपमध्ये कोंबून नेणं या कायद्यात कुठं बसत नाही.

मुलांबाबत संशोधन काय म्हणतं? अमेरिकेत २००४ साली गांजा ओढणाऱ्या ६०० मुलांवर पाच वेगवेगळे ओपीडी उपचार तपासले. पाचही उपचारांनी मुलं सुधारली आणि पाचांत फारसा फरक निघाला नाही, फरक निघाला तो खर्चात. पाच भेटींचा छोटा उपचारही मोठ्या उपचारांच्या तोडीस उतरला. मुंबईच्या त्याच डॉक्टरांनी दारूवर अवलंबून असलेल्या ५८ किशोरांवरही औषधांची तुलना केली आणि डायसल्फिराम पुन्हा सरस ठरलं. पण ५८ हा आकडा लहान आहे आणि वाढत्या वयाच्या मुलाला भीतीवर चालणारं औषध वर्षभर द्यावं का, हा प्रश्न मला टक्केवारीनं सुटण्यासारखा वाटत नाही.

आणि हुंगण्याच्या सवयीबद्दल? २०१९ च्या पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, की ज्यात लहान मुलांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त आहे: १.१७ टक्के विरुद्ध ०.५८ टक्के. दारूसाठी गोळ्या आहेत, हुंगण्यासाठी दारूसारखं मान्य झालेलं एकही औषध नाही. जे काही आहे ते बोलणं, शाळा, खेळ आणि घर. आपल्याकडं सगळ्यात जास्त संशोधन पुरुषांच्या दारूवर झालंय. सोळा वर्षांच्या पोराच्या खिशातल्या ट्यूबवर फार कमी.

मग रावेरला काय करायचं?

कागदावर सोपं आहे. ग्रामीण रुग्णालयातून सुरुवात करा, पुढं जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. पण जळगाव साठेक किलोमीटर. ओपीडी सकाळची, आणि केळी कापणीही सकाळचीच. माल भरायची गाडी दारात उभी असताना ‘आज माझी भेट आहे’ म्हणून कोण निघेल? गोव्यात सल्लागार घरी जाऊ शकत होते, म्हणून चार भेटी पुऱ्या होण्याची शक्यता होती. गोव्याचा अभ्यास इथं आणायचा तर माझ्या मते सगळ्यात आधी त्यातला हाच भाग आणावा लागेल: गावातलं प्रशिक्षित माणूस, संध्याकाळची वेळ, आणि त्या माणसाला पगार. आशाताईंवर आणखी एक फुकटचं काम टाकून ते होणार नाही.

तोवर हातात असलेलं सांगते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मानसिक त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, इथं घरच्यांनाही बोलता येतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा फुकट असतात. डॉक्टरला भेटाल तेव्हा तीन गोष्टी स्वतःहून सांगा: सकाळी थरथर होते का, कधी फिट आली होती का, शेवटची कधी घेतली. कुठल्याही केंद्रात जायचं ठरलंच तर नोंदणी विचारा, डॉक्टर कधी येतो ते विचारा, आणि बाहेर आल्यावर पुढं वर्षभर काय, ते विचारा. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते केंद्र फक्त ‘टाकायची’ जागा आहे.

मी मामीला पुन्हा फोन करून सांगितलं, की माझं आधीचं उत्तर चुकलं होतं. चार भेटींत मामांचं भागणार नाही, दारू सोडवताना डॉक्टर लागेलच, आणि त्यांना घरी परस्पर बंद करायला लावू नकोस. ती म्हणाली, ‘म्हणजे टाकायचं नाही, पण नुसतं बोलूनबी होणार नाही.’ माझ्या सगळ्या वाचनाचा सारांश मला इतका नीट मांडता आला नसता.

मागच्या गुरुवारी ती एकटीच जळगावला जाऊन आली. मामांना सांगूनच गेली. परत आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की डॉक्टर काय म्हणाला. पुढची तारीख दोघांची आहे. त्या दिवशी कापणी आली तर टोळीजवळ थांबायला मी रावेरला जाणार आहे.